घर दीड पगारावर परवडते का, हे आधी पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही दोघे २९ आणि २७ वर्षांचे आहात आणि लग्नाला दोन वर्षे झाली आहेत. पुण्यात पतीची नोकरी हिंजवडीत असून हातात ८८,००० रुपये येतात, पत्नीची खराडीत असून हातात ६४,००० येतात. जुन्या सांगवीत २४,००० रुपये भाड्याने राहता. गाडीच्या कर्जाचा ११,५०० रुपयांचा हप्ता अजून २८ महिने चालायचा आहे आणि महिन्याला साधारण ३५,००० रुपये शिल्लक टाकता. मुदत ठेवीत ८ लाख आणि म्युच्युअल फंडात ६ लाख आहेत, शिवाय कराडला राहणारे वडील ७ लाख देऊ म्हणतात. पुनावळ्यात एका चालू बांधकामातील टू बीएचके सदनिका पसंत पडली आहे, करारनाम्याची किंमत ७८ लाख रुपये आहे आणि ताबा अडीच वर्षांनी मिळणार आहे. बँकेने ७० लाखांपर्यंत पात्रता सांगितली आहे, ५१,००० रुपये टोकन देऊन झाले आहे, आणि विक्री कार्यालयातून रोज फोन येतो की रविवारनंतर दर चौरस फुटाला २०० रुपयांनी वाढेल. घरचे म्हणतात की भाड्याचे पैसे पाण्यात चालले आहेत. घ्यावे की थांबावे?

मी एकोणीस वर्षे बँकेच्या गृहकर्ज विभागात काम केले आणि आता गेली काही वर्षे घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांचे हिशेब त्यांच्यासोबत बसून मांडते. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगते. हे घर आज तुम्हाला परवडत नाही. साधारण दोन-सव्वादोन वर्षांनी घर परवडेल, पण तेव्हाही बहुधा हे नव्हे. असे का म्हणते, ते आता आकड्यांसह सांगते, म्हणजे माझे म्हणणे तुम्हाला तपासून पाहता येईल.

सर्वांत आधी तुमच्या कागदावरची बेरीज दुरुस्त करावी लागेल. तुम्ही ७८ लाखांतून ६२ लाखांचे कर्ज वजा केले, उरलेले १६ लाख तुमच्याकडच्या २१ लाखांतून देता येतील आणि वर ५ लाख फर्निचरला राहतील असे धरले. पुण्यात पहिले घर घेणारी बहुतेक जोडपी हीच बेरीज घेऊन माझ्यासमोर बसतात. प्रत्यक्षात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या दरम्यानच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क धरले जात नाही. म्हणून पात्रता ७० लाखांची असली तरी या घरावर कर्ज मिळेल ते ६२ लाख ४० हजार, आणि किमतीतील उरलेले १५ लाख ६० हजार तुमचे. त्यावर चालू बांधकामाचा ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख ९० हजार. पिंपरी-चिंचवड हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४६ हजार. नोंदणी शुल्क ३०,०००. इथपर्यंतच २५ लाख २६ हजार झाले. सोसायटीची अनामत, बिल्डर आगाऊ घेतो ती देखभाल, वकील, बँकेची प्रक्रिया फी आणि गहाणाची नोंद यांसाठी पावणेदोन लाख धरा. पंखे, दिवे, स्वयंपाकघरातील ट्रॉल्या, एक-दोन कपाटे आणि जाळ्या एवढेच केले तरी ५ लाख लागतात. म्हणजे ३२ लाख रुपये तुमच्या खिशातून जायला हवेत, आणि वडिलांचे धरूनही तुमच्याकडे २१ लाख आहेत. हे ११ लाख बहुतेक लोक ताब्याच्या तोंडावर वैयक्तिक कर्ज काढून भरतात. ते १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तरी त्याचा हप्ता २४,००० रुपयांच्या पुढे जातो, म्हणजे आजच्या भाड्याएवढाच आणखी एक हप्ता मागे लागतो.

सदनिका फक्त पत्नीच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, म्हणजे इथे ७८,००० रुपये वाचतात. पती-पत्नी दोघांचे नाव लागले की ती सवलत जाते. केवळ तेवढ्यासाठी मालकीचा निर्णय करू नका, पण दोघांनाही तसे मनापासून मान्य असेल तर पतीला मालक न होता सहकर्जदार राहता येते.

आता हप्ता. व्याजाचा दर मी साडेआठ टक्के धरते. मंजुरीपत्रात तुम्हाला यापेक्षा कमी दर दिसत असेल तरी हिशेब साडेआठनेच करा, कारण वीस वर्षांच्या कर्जात आजचा दर हा फक्त आजचा असतो. या दराने वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे ६२ लाख ४० हजारांना ५४,१५० रुपये. गाडीचा हप्ता मिळवला की ६५,६५०. तुमच्या १,५२,००० रुपयांच्या एकत्रित पगाराच्या हे ४३ टक्के झाले. बँकेला ते चालते, कारण बँकेचा प्रश्न कर्ज वसूल होईल का एवढाच असतो. तुमचा प्रश्न वेगळा आहे. हप्ता भरून घर चालेल का, बाळ झाले, आई-वडिलांचे आजारपण आले, एकाची नोकरी तीन महिने गेली तरी चालेल का, हे तुम्हाला पाहायचे आहे.

म्हणून मी तरुण जोडप्यांचा हिशेब दोन पगारांवर कधीच करत नाही. मी दीड पगार धरते. मोठा पगार पूर्ण आणि लहान पगार निम्मा. पंचविशी ते पस्तिशीच्या दहा वर्षांत दोन्ही पगार अखंड चालू राहिले असे कुटुंब माझ्या पाहण्यात फार थोडे आहे. बाळंतपणाची भरपगारी रजा संपल्यावरचे बिनपगारी महिने, पाळणाघर न मिळाल्याने सोडलेली नोकरी, कंपनीतली कपात, परगावी बदली, पुढच्या शिक्षणासाठी घेतलेले वर्ष, यांपैकी एक तरी गोष्ट जवळपास प्रत्येक घरात घडते आणि त्यात वावगे काही नाही. तुमचा दीड पगार होतो १,२०,००० रुपये. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या ४० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत असा माझा दंडक आहे, म्हणजे ४८,०००. त्यातून गाडीचे ११,५०० गेले की घरासाठी ३६,५०० उरतात आणि त्यात ४२ लाखांचे कर्ज बसते. गाडीचे कर्ज फिटल्यावर पूर्ण ४८,००० घराला मिळतील आणि ५५ लाखांचे कर्ज पेलेल. तुम्ही घ्यायला निघाला आहात ६२ लाख ४० हजारांचे.

गाडीचे सुमारे २ लाख ९० हजार आजच फेडून टाकावेत असा विचार तुमच्या मनात येईल. तो चुकीचा नाही, कारण तेवढ्या रकमेने तुमची कर्ज पेलण्याची ताकद १३ लाखांनी वाढते. मात्र हातची रक्कम तेवढी कमी होते आणि या घराच्या बाबतीत ती आधीच ११ लाखांनी अपुरी आहे.

चालू बांधकामात आणखी एक अडचण असते, ती विक्री कार्यालयात कोणी समजावून सांगत नाही. बँक कर्जाची रक्कम बांधकाम वर चढेल तशी बिल्डरला देते आणि दिलेल्या रकमेवर तुमच्याकडून व्याज घेते. निम्मी रक्कम गेली की महिन्याला २२,१०० रुपये आणि जवळपास सगळी गेली की ४४,२०० रुपये नुसते व्याज. या सर्व काळात तुम्ही जुन्या सांगवीचे भाडेही भरत असता. गाडीचा हप्ता संपण्याआधी बांधकाम झपाट्याने वर गेले, किंवा तोवर भाडे वाढले, तर काय होईल ते पाहा. व्याज ४४,२००, भाडे २४,००० आणि गाडी ११,५०० मिळून ७९,७०० रुपये. त्या काळात खराडीची नोकरी थांबली तर ८८,००० मधून महिनाभराच्या किराणा, वीज, पेट्रोल आणि औषधांना ८,३०० रुपये राहतात. हिंजवडीची थांबली तर ६४,००० मध्ये १५,७०० कमीच पडतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपे आले होते. वाघोलीच्या बाजूला त्यांनी चालू बांधकामात घर घेतले होते, भाडे धानोरीत भरत होते. ताबा लांबला, तिला गरोदरपणात डॉक्टरांनी पाचव्या महिन्यापासून पूर्ण विश्रांती सांगितली आणि त्या काळातली बरीचशी रजा बिनपगारी झाली. ती दोघे माझ्यासमोर बसली तेव्हा तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेल्या दोन पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि विचारले, या मोडाव्यात की यांच्यावर कर्ज काढावे. त्या सासूबाईंनी लग्नात घातल्या होत्या. रुमालाच्या घडीत सोनाराची वजनाची चिठ्ठीसुद्धा तयार होती, म्हणजे दुकानात जाऊन आल्यानंतर ती माझ्याकडे आली होती. त्या दोघांची चूक एवढीच होती की त्यांनी दोन्ही पगार कायमचे धरले होते. आम्ही बँकेशी बोलून मुदत वाढवून घेतली, पाटल्या वाचल्या, पण कर्ज सहा वर्षांनी लांबले. तेव्हापासून दीड पगाराचा नियम मी कोणासाठीही शिथिल केलेला नाही.

दीड पगाराशी जोडलेली एक गोष्ट तुमच्या पत्रात हिशेबाच्या बाहेर राहिली आहे, ती म्हणजे रस्ता. पुनावळ्याहून हिंजवडी जवळ आहे, पण खराडी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. मुळा, मुठा आणि विद्यापीठ चौकाची वाहतूक पार करून रोज जाणे-येणे म्हणजे दिवसाचे तीन तास. आज पत्नी जुन्या सांगवीहून जाते तेव्हाही अंतर कमी नाही, पण पुनावळ्याहून ते असह्य होईल आणि मूल झाल्यावर सर्वांत आधी तीच नोकरी सुटेल. घर एकाच्या कार्यालयाजवळ आणि दुसऱ्याच्या कार्यालयापासून लांब घेतले की निम्मा पगार आपण स्वतःच धोक्यात घालतो, आणि तो बहुधा बाईचा असतो. याची मला मनापासून काळजी वाटते.

आता भाडे पाण्यात जाते या म्हणण्याविषयी. घरची मंडळी हे मायेने म्हणतात आणि त्यांच्या काळात ते बऱ्याच अंशी खरेही होते, पण कर्जाच्या खात्याचा उतारा समोर ठेवून पाहा. ५४,१५० रुपयांच्या पहिल्या हप्त्यात व्याज ४४,२०० आणि मुद्दल फक्त ९,९५०. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता भरलात तर तुमचे साडेबत्तीस लाख रुपये जातात आणि मुद्दल त्यानंतरही सुमारे ५५ लाख उरते. म्हणजे पाच वर्षांत २५ लाख व्याजाचे गेले. २४,००० च्या भाड्याने याच पाच वर्षांत १४ लाख ४० हजार जातात. भाडे मधेमधे वाढेल हे धरूनही, सुरुवातीच्या वर्षांत व्याजाचे पाणी भाड्याच्या पाण्यापेक्षा खोल असते. पुनावळ्याच्या त्याच संकुलाच्या आसपास पूर्ण झालेल्या इमारतीत तेवढीच सदनिका किती भाड्याने मिळते, हे एकदा चौकशी करून पाहा. ते भाडे तुमच्या हप्त्याच्या निम्म्याच्या आसपास असेल.

किमती वाढतील आणि आपण मागे पडू ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. गेल्या काही वर्षांत पुण्यात दर वाढले आहेत. पण २०१४ ते २०२० या काळात शहराच्या बाहेरच्या पट्ट्यांतील घरे ज्या दराने घेतली त्याच दराने विकण्याची वेळ आलेली कुटुंबेही मी पाहिली आहेत. किमती वाढतीलच असे धरून पेलवत नाही तेवढे कर्ज घेणे आणि घर पेलते म्हणून घेणे, या दोन निर्णयांत फार अंतर आहे. रविवारनंतर दर वाढण्याविषयी एवढेच सांगते की असा रविवार दर महिन्यात येतो.

दर बदलण्याचा धोका किती खरा असतो याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के होता, तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्के झाला. बँकांची बदलत्या दराची गृहकर्जे ऑक्टोबर २०१९ पासून बँकेबाहेर ठरणाऱ्या एखाद्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशीच, जोडलेली असल्याने ही वाढ थेट कर्जदारांवर आली. २०२१ मध्ये पावणेसात टक्क्यांच्या आसपास वीस वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता तसाच ठेवला तर तो जवळजवळ सगळा व्याजातच जाऊ लागला आणि मुदत कागदावर दुपटीच्या जवळ पोहोचली. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे लागेल. तुमच्या ६२ लाख ४० हजारांवर दर १० टक्के झाला तर हप्ता ६०,२०० होतो. तेव्हा कोणतेही घर घ्याल, दर दीड टक्क्याने वाढल्यावरचा हप्ता लिहून पाहिल्याशिवाय सही करू नका. बदलत्या दराच्या गृहकर्जात वेळेआधी मुद्दल भरल्याबद्दल दंड लागत नाही, ही त्यातली चांगली बाजू. बोनस आला की थोडे-थोडे मुद्दल फेडणारी कुटुंबे वीस वर्षांचे कर्ज बारा-तेरा वर्षांत संपवतात, असे मी अनेकदा पाहिले आहे.

आयकराची सवलत मिळेल असेही तुम्ही लिहिले आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या करप्रणालीत मिळत नाही. तुमच्या पगारांना बहुधा नवी प्रणालीच फायद्याची आहे, तेव्हा घराच्या हिशेबात कराची बचत शून्य धरा.

पुनावळे असो वा आणखी कुठले उपनगर, महिन्याचा देखभाल खर्च विक्री कार्यालयाला विचारू नका. शेजारी चार-पाच वर्षांपूर्वी राहायला आलेल्या सोसायटीत जा आणि एखाद्या रहिवाशाला एप्रिल-मे महिन्याचे बिल दाखवायची विनंती करा. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ पासून दिवसाआड पाणी येते, आणि नव्या भागांत उन्हाळ्यात टँकरची रांग लागते. त्या बिलात टँकरचा रकाना वेगळा असतो. कागदावर अडीच-तीन हजार सांगितलेली देखभाल टँकर धरून साडेचार-पाच हजारांवर गेलेली मी पाहिली आहे. दर महिन्याचा तेवढा फरक म्हणजे जवळजवळ अडीच लाखांच्या कर्जाचा हप्ता.

वडिलांच्या ७ लाखांविषयी थोडे नाजूक बोलते. तुम्ही लिहिले आहे की ते साखर कारखान्यातून निवृत्त झाले, पेन्शन नाममात्र आहे आणि ही रक्कम त्यांच्या निवृत्तीच्या पैशांतली आहे. आई-वडिलांनी मुलाला दिलेल्या रकमेवर कर लागत नाही, ती अडचण नाही. पण त्यांच्यासाठी आरोग्य विमा आहे का? नसेल तर एका शस्त्रक्रियेला हेच ७ लाख लागतील आणि तेव्हा ते भिंतींत अडकलेले असतील. तुम्हाला बहीण-भाऊ असतील तर ही रक्कम देणगी आहे की परत करायची आहे, हे सगळ्यांसमोर एका कागदावर लिहून ठेवा. पुढे घरात कटुता येते ती पैशांपेक्षा या न बोललेल्या गोष्टीमुळे. माझा आग्रह आहे की घर शक्य तो या पैशांशिवाय उभे राहावे आणि ती रक्कम त्यांच्या नावावरच असावी.

हे शक्य आहे, ते असे. समजा दोन-सव्वादोन वर्षांनी तुम्ही सात-आठ वर्षे जुन्या सोसायटीतील ६२ लाखांचे घर घेतले. पुनर्विक्रीच्या तयार घरावर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क ४ लाख ३४ हजार, नोंदणी ३०,०००, एजंटाचे एक टक्का म्हणजे ६२,०००, सोसायटीचे हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५,०००, कर्जाचा खर्च ५०,००० आणि रंगरंगोटी-दुरुस्तीला २ लाख. एकूण ७० लाख. कर्ज ८० टक्क्यांनी ४९ लाख ६० हजार मिळेल, म्हणजे स्वतःचे २० लाख ४० हजार हवेत. आजचे १४ लाख आणि दरमहा ३५,००० प्रमाणे २८ महिन्यांचे ९ लाख ८० हजार मिळून २३ लाख ८० हजार होतात. गाडीचे कर्ज तोवर संपलेले असेल. हप्ता ४३,०५० येईल, दीड पगाराच्या मर्यादेत बसेल, आणि ताबा लगेच असल्याने भाडे व हप्ता एकत्र भरावे लागणार नाहीत. हातात सुमारे साडेतीन लाख उरतील, ते आणीबाणीसाठी कमी आहेत, म्हणून बोनस आणि पगारवाढ तिकडे वळवा. घरांच्या किमती तोवर वाढल्या तर हा आकडा ६२ वरून ६६-६७ लाख होईल. तुमचे पगारही त्या काळात वाढतील, आणि तरीही कमी पडले तरच वडिलांकडून दोन-तीन लाख घ्या.

जागा निवडताना दोघांच्या मधला भाग पाहा. दापोडी, कासारवाडी, पिंपळे गुरव या बाजूला राहिलात तर पिंपरीकडून येणारी मेट्रो पकडून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलता येते आणि रामवाडीपर्यंत जाता येते. तिथून खराडी जवळ आहे. मात्र जुन्या घराचे कागद नव्यापेक्षा अधिक बारकाईने पाहावे लागतात. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला), मंजूर नकाशा, सोसायटीच्या नावावर झालेले अभिहस्तांतरण (जमीन व इमारतीची मालकी सोसायटीला दिल्याचा दस्त), सोसायटीचे भागपत्र, आधीच्या मालकाचे कर्ज फिटल्याचा दाखला, हे सगळे वकिलाकडून तपासून घ्या. दिघी आणि निगडी-तळवडे पट्ट्यात संरक्षण खात्याची रेड झोनची, म्हणजे बांधकामाला बंदी असलेली, हद्द आहे, पवना-मुळेच्या काठाला पूररेषा आहे. एखादे घर बाजारापेक्षा दहा-पंधरा लाखांनी स्वस्त वाटले आणि विकणारा म्हणाला की मोठ्या बँकेऐवजी अमुक पतसंस्था लगेच कर्ज देते, तर तिथून उठून या. मोठी बँक ज्या कागदांवर कर्ज देत नाही, ते घर पुढे तुमच्याकडून कोणी विकत घेणार नाही.

तोपर्यंत हप्त्याची रंगीत तालीम करा, आणि ती या महिन्यापासूनच सुरू करा. १,५२,००० मधून भाडे, गाडी आणि शिल्लक वजा जाता ८१,५०० रुपये खर्च होतात. त्यातले १०,००० कराडला जातात हे तुम्ही लिहिले आहे, उरलेले कुठे जातात हे लिहिलेले नाही, आणि मला वाटते तुम्हालाही नीट माहीत नाही. आता पगाराच्या दिवशी दोन रकमा वेगळ्या खात्यात टाका. लहान पगाराचा निम्मा भाग म्हणजे ३२,०००, आणि नव्या घराचा हप्ता व देखभाल मिळून ४७,००० मधून आजचे भाडे वजा करून २३,०००. एकूण ५५,०००, म्हणजे आजच्या शिल्लकीपेक्षा २०,००० जास्त. उरलेल्या ६१,५०० मध्ये सहा महिने राहून पाहा. गाडीचा हप्ता चालू असताना ही तालीम कडक आहे, हे मला मान्य आहे. पण बाळ आल्यावरचा महिना याहून सोपा नसतो. ते खाते दिवाळीत किंवा कोणाच्या लग्नात मोडले तर कोणत्या महिन्यात आणि कशासाठी मोडले ते लिहून ठेवा. त्या वहीतून तुमच्या हप्त्याचा खरा आकडा मिळेल, आणि तो माझ्या ४८,००० पेक्षा वेगळा निघाला तर तुमचाच धरा.

दोघांचाही टर्म विमा आणि कंपनीबाहेरचा आरोग्य विमा घर घेण्याआधी झालेला असावा. कर्जासोबत बँक एकरकमी हप्त्याचा विमा पुढे करते आणि तो कर्जातच मिळवते. तो घेण्याची सक्ती नसते.

आता टोकनचे. विक्री कार्यालयात तोंडी बोलू नका. आरक्षण रद्द करत आहोत आणि ५१,००० रुपये परत करावेत असा ई-मेल आजच पाठवा. त्यात सदनिका क्रमांक, रक्कम, भरल्याची तारीख आणि प्रकल्पाचा महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) क्रमांक लिहा. सदनिका तुमच्यासाठी राखल्याचे बिल्डर जे वाटपपत्र देतो, त्याच्या महारेराच्या नमुन्यात, ते पत्र दिल्यापासून १५ दिवसांच्या आत रद्द केल्यास कपात न करता पैसे परत देण्याची तरतूद आहे, तेव्हा वाटपपत्र मिळाले असेल तर त्यावरची तारीख पाहून दिवस मोजा. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्याची बिल्डरला कायद्याने मुभा नाही, त्यामुळे जागा जाऊ नये म्हणून आणखी थोडे भरा असा आग्रह झाला तरी एक रुपयाही देऊ नका. आणि टोकनपैकी काही रोखीने दिले असेल तर ई-मेल पाठवण्याआधी त्याची सही-शिक्क्याची पावती हातात घ्या.